माझं रक्त वाटणीत धरू नये

मी, खाली सही करणार, वय वर्षे एकाहत्तर, धंदा दातांच्या कवळ्या तयार करणे, अविवाहित, शरीराने वयाच्या मानाने ठणठणीत व मनाने पूर्ण शुद्धीवर असताना, कोणाच्याही धाकदपटशाला, गोडीगुलाबीला अथवा रडारडीला बळी न पडता, माझ्या मालमत्तेची माझ्या पश्चात करावयाची व्यवस्था या मृत्युपत्राने लिहून ठेवीत आहे. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. केले असे कोणी म्हणाल्यास ती व्यक्ती थापा मारीत आहे असे समजावे.

शेवटचं वाक्य सोडून इथपर्यंतचं सगळं वकीलबाईंनी सांगितलं. पुढचं मी माझ्या भाषेत लिहिणार आहे. त्या म्हणाल्या, "काका, मृत्युपत्रात कोणाला काय एवढंच लिहायचं असतं. का ते लिहायची गरज नसते." मी म्हणालो, "बाई, मी 'का' लिहिलं नाही तर लोक ते पदरचं घालतील." कारण माझं घर आणि माझी कामाची खोली मी माझ्या पुतणीला देतोय, आणि या पुतणीवरून कोर्टात एकदा असा गोंधळ झालाय की मी तिच्या नावे साधी छत्री जरी ठेवली तरी चार तोंडं म्हणतील, "बघा, शेवटी स्वतःच्या पोरीलाच दिलं!" ती माझी पोरगी नाही. ती माझ्या धाकट्या भावाची पोरगी आहे. हे मला माझ्या हयातीत, नीट, पहिल्यापासून लिहून ठेवायचंय, म्हणजे मी गेल्यावर तिला पुन्हा कोणाच्या सांगण्यावरून दंड पुढे करून रक्त द्यावं लागू नये. बाकीचं सगळं सामान म्हणजे किरकोळ आहे.

मी शुद्धीवर असल्याचा दाखला ज्यांच्यासाठी मी चाळीस वर्षं कवळ्या केल्या त्या दातांच्या डॉक्टरांनी दिला आहे. दातांच्या डॉक्टरांनी डोक्याचा दाखला द्यावा का, असं वकीलबाईंनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, "बाई, तोंडात बघताना वर डोकं असतंच की, नजर जातेच." वकीलबाईंनी दुसऱ्या डॉक्टरांचाही दाखला मागवला आहे. तो सोबत जोडला आहे.

कलम पहिलं: माणसं

आम्ही तीन भावंडं. मी थोरला. माझ्या पाठची बहीण, तिला घरात सगळे मधली म्हणतात. आणि शेंडेफळ म्हणजे धाकटा. हा लिफ्ट दुरुस्त करतो. धाकट्याची बायको, म्हणजे माझी भावजय, शाळेत गणित शिकवायची. आता निवृत्त झाली, पण समोरच्याची उत्तरं तपासायची सवय गेलेली नाही. या दोघांची एकुलती एक मुलगी ती माझी पुतणी, भिंगरी. लहानपणी ती एका जागी बसलेली कोणी पाहिली नाही, म्हणून हे नाव पडलं. आता माझ्या शेजारच्या बाकावर दिवस दिवस बसते आणि माझ्यापेक्षा चांगल्या कवळ्या करते. हे मी तिला तोंडावर कधी सांगितलेलं नाही. मी गेल्यावर कळलं तर चालेल.

मला बायकोपोरं नाहीत. कारण सरळ आहे. बायकांसमोर माझी दातखिळी बसते. वकीलबाईंशी बोलतो तेही कागदाकडे बघून. दुसऱ्यांच्या दातांवर पोट असलेल्या माणसाची दातखिळी बसावी, हा विनोद डॉक्टर रोज करत आले आहेत, तेव्हा तो आता आणखी कोणी करू नये. मुली बघायला गेलो की मी बोलायचो तो फक्त कपातल्या चहाशी. तिसऱ्या घरातून परत येताना आई म्हणाली, "राहू दे रे, तू आणि तुझं ते कवळ्यांचं मेण सुखात राहा." तसा राहिलो. सुखातच राहिलो.

कलम दुसरं: रक्त

हे कलम वकीलबाईंना मुळीच मान्य नाही. रक्त ही मालमत्ता होत नाही म्हणतात. नसेल होत. पण माझ्या रक्ताची वाटणी आधीच झाली आहे, आणि कोर्टानं ती दोनदा तपासलीही आहे.

भिंगरी दुडूदुडू चालायला लागली होती तेव्हाची गोष्ट. धाकट्याला रक्ताचा कर्करोग झाला. डॉक्टर म्हणाले, हाडातला मगज बदलावा लागेल, भावंडांपैकी कोणाचा जुळतो ते बघू. मधलीचा जुळला नाही. माझा तंतोतंत जुळला. माझ्या कंबरेच्या हाडातून तो काढला आणि धाकट्याला चढवला. पुढचा आठवडाभर बसताना आणि उठताना मला आई आठवत होती, पण धाकटा वाचला. तेव्हापासून त्याच्या अंगात जे रक्त तयार होतं ते माझं. हे डॉक्टरांनी तेव्हाच समजावून सांगितलं होतं. धाकटा पलंगावर पडल्या पडल्या म्हणाला, "मेलो! म्हणजे आता मलाही बायकांशी बोलता येणार नाही!" आम्ही पोट धरधरून हसलो.

आणि मग विसरलो. विसरलो म्हणजे, विसरायला लावलं. आमच्या आईचा एक नियम होता. तिच्या मते आजाराला कान असतात. त्याचं नाव काढलं की त्याला वाटतं आपल्यालाच हाक मारली, आणि तो उलट पावली परत येतो. धाकटा बरा होऊन घरी आला त्या दिवशी तिनं सगळ्यांना समोर उभं केलं, सुनेलासुद्धा, आणि सांगितलं, "आजपासून या घरात कोणीही आजारी पडलेलं नव्हतं. कळलं?" कळलं. इतके दिवस धाकटा कुठे होता असं कोणी विचारलं तर उत्तर ठरलेलं, कामानिमित्त बाहेरगावी. पुढे आई गेली, नियम राहिला. ती असतानाही आम्ही तिला घाबरायचो आणि ती गेल्यावरही घाबरतच होतो. तुम्ही तिला पाहिलेलं नाही, म्हणून तुम्हाला हे खोटं वाटेल.

भिंगरी बारा वर्षांची झाली तेव्हा धाकट्याचं आणि भावजयीचं बिनसलं. दोघंही भडक डोक्याची. चूक कोणाची ते मी लिहिणार नाही, मी दोघांच्याही हातचं जेवलोय. भावजय मुलीला घेऊन माझ्या घरापासून दोन गल्ल्यांवर राहायला आली. शाळा सुटली की भिंगरी माझ्या कामाच्या खोलीत यायची आणि उरलेल्या मेणाचे दात करत बसायची. तिची हनुवटी माझ्यासारखी. पुढच्या दोन दातांमधली फटही माझ्यासारखी. ही ठेवण आमच्या वडिलांचीच, पण धाकटा आईच्या वळणावर गेलेला, त्यामुळे त्याच्याकडे ती नव्हती. मधली एकदा सहज बोलून गेली, "पोरगी अगदी दादावर गेलीय, नाही?" ती बोलून मोकळी झाली. धाकट्याच्या डोक्यात मात्र किडा शिरला.

भावजयीनं पोटगीचा दावा लावला. धाकट्याच्या वकिलानं सल्ला दिला, मुलगी माझी नाहीच असं लिहून द्या, काम सोपं होतं. धाकट्यानं लिहून दिलं. मधलीनं त्याच्या पाठीवर थाप मारली. कोर्टानं धाकटा, भावजय आणि भिंगरी अशा तिघांचं रक्त तपासायचा हुकूम काढला. रक्त काढणाऱ्या माणसानं धाकट्याला रीतसर विचारलं, "पूर्वी काही मोठा आजार? कोणाचं रक्त, मगज, काही चढवलंय का?" धाकट्यानं आईचा नियम पाळला. "छे! मी कधी आजारीच पडलो नाही." शेजारच्या खुर्चीत भावजय बसली होती. नवऱ्याशी तिचा दावा चालू होता, त्याचा तिला संताप होता, तरीही तिनं तोंड उघडलं नाही. सासू काय चीज होती याचा अंदाज यावरून यावा.

अहवाल आला. हा माणूस या मुलीचा बाप नाही, मात्र बाप याच्या जवळच्या नात्यातला कोणी असावा. आता जवळच्या नात्यात पुरुष किती? एक. मी!

मला कोर्टात उभं केलं. वर न्यायाधीशबाई, खाली टंकलेखन करणाऱ्या बाई, एका बाकावर भावजय, दुसऱ्या बाकावर मधली. एकाच खोलीत एवढ्या बायका आणि सगळ्या माझ्याचकडे बघतायत. माझी दातखिळी बसायला आणखी काय हवं? धाकट्याचा वकील गरजला, "मुलगी रोज तुमच्याकडे का येते?"

"मेण," मी म्हणालो.

"काय?"

"मेण आहे माझ्याकडे."

अख्खं कोर्ट हसलं. तेवढ्यात भावजय ताडकन उठली. "न्यायाधीशबाई, माझ्या लग्नापासून आजपर्यंत या माणसानं माझ्याशी बोलताना एकदा जरी मान वर केली असेल तर मी दावा सोडून देते. भाऊजी माझ्याशी बोलतच नाहीत. ते माझ्या चपलांशी बोलतात!" हे अगदी खरं होतं. तिच्या चपला मी हजारांत ओळखेन. न्यायाधीशबाईंनी हसू दाबलं आणि माझंही रक्त तपासायला सांगितलं.

पुढचा महिना वाईट गेला. या कागदात वाईट एवढंच लिहिणार आहे, आणि तेही लिहायला हवंच म्हणून. शाळेत पोरी भिंगरीला काय काय विचारायच्या ते तिनं मला सांगितलं नाही, पण तिनं डबा खाणं सोडलं होतं. एके दुपारी मेण खरवडता खरवडता ती म्हणाली, "काका, तू असलास तरी मला चालेल. पण आई म्हणते तू नाहीस. कोर्ट म्हणतंय बाबा नाहीत. मग मी कोणाची?" मी म्हणालो, "वरचा दात जरा मोठा झालाय, थोडा घास." आणि आत जाऊन नळ सोडून रडलो. आयुष्यात मला इतकं रडू कधीच आलं नव्हतं, आई गेली तेव्हासुद्धा नाही.

दुसरा अहवाल आला तो चक्क रागावलेला. प्रयोगशाळेनं लिहिलं होतं की पाठवलेले दोन नमुने एकाच माणसाचे आहेत, असले प्रकार पुन्हा होऊ नयेत. आणि हा माणूस, तो कोणीही असो, मुलीचा बाप नाही. न्यायाधीशबाईंचा पारा चढला. "तुम्हा दोघांपैकी एकजण दोनदा रक्त देऊन आलाय. कोण ते सांगा!"

"मी एकदाच दिलं," मी म्हणालो.

"मीपण एकदाच," धाकटा म्हणाला.

"मग तुमच्या भावाच्या नावावरचं रक्त कोणाचं?"

"माझंच," मी म्हणालो. आणि म्हणता म्हणता माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

धाकट्याकडे बघितलं. त्याच्याही डोक्यात पडला होता, तो पांढराफटक झाला होता. मधली डोळे वटारून मला 'खबरदार!' म्हणत होती. सांगायचं तर आजाराचं नाव घ्यायला हवं, आणि तेही भर कोर्टात, चार बायकांसमोर. पण मला ती दुपार आठवली आणि दातखिळीचं पार दिवाळं निघालं. मी मान वर केली आणि ओरडलोच, "त्याला रक्ताचा कर्करोग झाला होता! माझा मगज घातलाय त्याला! त्याच्या अंगात रक्त माझं आहे, पण पोरगी त्याची आहे, ती आधीच झालेली होती!"

मधली "आई गं!" करून मटकन बसली. छत कोसळलं नाही. आजारही आजतागायत परत आलेला नाही. न्यायाधीशबाईंनी लेखणी खाली ठेवली. मग धाकट्याला म्हणाल्या, "अहो, मग हे आधी सांगायला काय झालं होतं?"

धाकटा खाली मान घालून म्हणाला, "आई ओरडली असती."

मग मुळासकट उपटलेले केस तपासायचं ठरलं, कारण केस ज्याचे त्याचेच राहतात. धाकट्याच्या डोक्यावर तेव्हाच पीक विरळ झालं होतं. प्रयोगशाळेतली मुलगी चिमटा घेऊन पुढे आली तेव्हा तो म्हणाला म्हणे, "जरा बेतानं, उद्याला ठेवा काही." तिसरा अहवाल आला. पोरगी त्याचीच, शंकेला जागा नाही. पोटगी लागली. दावा संपला.

सबब, या कलमान्वये मी जाहीर करतो की माझं रक्त मी माझ्या धाकट्या भावाला हयातीतच बक्षीस दिलेलं आहे. ते परत मागण्याचा हक्क माझ्या कोणत्याही वारसास राहणार नाही. ते वाटणीत धरू नये.

कलम तिसरं: घर व कामाची खोली

माझ्या स्वकष्टार्जित पैशातून घेतलेलं राहतं घर, त्यातली कामाची खोली, खिडकीखालचे दोन्ही बाक, मेण वितळवायचे दिवे, घासायचं आणि चकाकी आणायचं मशीन, लहानमोठ्या सुऱ्या, साच्यांची कपाटं आणि बँकेत जे असेल ते, हे सर्व माझ्या पश्चात माझी पुतणी, म्हणजे माझ्या धाकट्या भावाची औरस मुलगी, हिच्या एकटीच्या पूर्ण मालकीचं होईल. त्यावर अन्य कोणाचाही कसलाही हक्क राहणार नाही.

का ते सांगतो. ती शिक्षण संपवून माझ्याकडे आली तेव्हा सगळ्यांनी नाकं मुरडली, म्हाताऱ्यांच्या तोंडातलं काम म्हणून. ती टिकली. एखादी आजी नवी कवळी घालून पहिल्यांदा आरशात बघते ना, तेव्हा आपण तिच्याकडे बघत राहायचं नसतं. तिला लाज वाटते, तिला एकटीला हसून बघायचं असतं. हे मी भिंगरीला शिकवलं नाही. पहिल्याच दिवशी ती आपण होऊन पाठ फिरवून उभी राहिली आणि उगाच कपाट आवरायला लागली. त्याच दिवशी मी मनात ठरवलं की हिलाच द्यायचं. यात रक्ताचा काही संबंध नाही.

तिला तोंडाचे फोटो काढून माप घेणारं ते नवीन मशीन आणायचंय. मी जिवंत असेपर्यंत नाही म्हणणार. नंतर तिनं खुशाल आणावं. छताचा पंखा तिरका फिरतो, त्याच्याखाली कोणाला बसवू नये.

कलम चौथं: सटरफटर आणि जुने राग

मधलीला माझी आरामखुर्ची, जिच्यावर ती येता-जाता हात फिरवते. शिवाय तिच्या स्वतःच्या तोंडाचा प्लास्टरचा साचा. कवळीच्या वेळी घेतला होता. त्यात तिचं तोंड मिटलेलं आहे. हे रूप अन्यत्र कुठेही उपलब्ध नाही, जपून ठेवावं. मधले, तू त्या दिवशी धाकट्याच्या पाठीवर थाप मारलीस हे मी विसरलेलो नाही. पण माझा पाय मोडला तेव्हा महिनाभर रोज डबा तूच आणलास आणि डबा संपेपर्यंत रोज मला बोललीसही तूच. फिटंफाट झाली. तुझ्या मुलाला माझ्या घरात रस आहे हे मला ठाऊक आहे. त्याला माझी सायकल. ती तो लहानपणी मला न विचारता न्यायचा, आता राजरोस न्यावी आणि बाकी कशालाही हरकत घेऊ नये.

भावजयीला भिंतीवरचं घड्याळ. ते पाच मिनिटं पुढे आहे आणि तीही. कोर्टात ती माझ्यासाठी उठून उभी राहिली त्याबद्दल मी तिच्या चपलांचे पुष्कळदा आभार मानले. इथे प्रथमच तिचे मानतो.

धाकट्याच्या त्या वकिलाला काही नाही. पुढे पाचेक वर्षांनी तो आमच्याकडेच कवळी करायला आला. भिंगरी कानाशी येऊन म्हणाली, "काका, वरची जरा सैल ठेव ना. 'हरकत आहे' म्हणाला की टेबलावर!" मोह झाला होता, खोटं कशाला बोलू? पण हात ऐकेना. इतकी घट्ट बसली की अजून कोर्टात बोलतोय.

डॉक्टरांना काही नाही, कारण ते साक्षीदार आहेत. आणि दातखिळीचा तो विनोद त्यांना मी गेल्यावरही वापरता येईल, तेवढी इस्टेट पुष्कळ झाली.

माझ्यामागे रडारड करायची असेल त्यांनी अर्धा तास करावी. नंतर सगळ्यांना चहा द्यावा. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी.

कलम पाचवं: धाकटा

धाकट्याला मी काहीही ठेवत नाही.

हे वाचून मधली म्हणेल, "दादाच्या पोटात अजून राग आहे." मुळीच नाही. दावा संपल्यापासून धाकटा लाजेनं तोंड लपवून बसलाय. पोटगी त्यानं एकदाही चुकवली नाही. भिंगरीच्या निकालाच्या दिवशी शाळेच्या फाटकापलीकडे उभा दिसायचा, हाक मारली की पसार. माझ्याकडेही फिरकला नाही. मी दोनदा त्याच्या दारात गेलो. दोन्ही वेळा आतून कडी आणि आत रेडिओ चालू. मला राग आला होता, पण तो फक्त रेडिओच्या आवाजाचा. बाकी मला त्याची फार आठवण येते.

माझं राहू दे. भिंगरीनं या सगळ्याबद्दल मोठेपणी एकदाच तोंड उघडलं. "काका, कोर्टानं सांगितलं ते कळलं. केसांनी सांगितलं तेही कळलं. त्यांनी कुठे सांगितलं?" मुलगी माझी नाही असं धाकट्यानं सही करून लिहून दिलं होतं. मुलगी त्याची आहे हे लिहिलं ते प्रयोगशाळेनं आणि न्यायाधीशबाईंनी. त्याच्या हातचं काहीच नाही. ती त्याला 'बाबा' म्हणत नाही, 'ते' म्हणते.

आणि मग वकीलबाई बोलता बोलता म्हणाल्या की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्यानं साक्षीदार म्हणून सही करायची नसते, केली तर त्याला मिळणारं रद्द होतं. मी म्हणालो, बाई, मग माझ्या धाकट्याला काहीच लिहू नका. अगदी चमचासुद्धा नको. मला त्याची सही हवीय, या कागदावर, ज्यात ती त्याची मुलगी म्हणून लिहिलीय. तो आला नाही तर खालच्या दुकानातला शिंपी सही करेल, कायदा तेवढ्यावर खूश आहे. मी नाही.

यापुढचा मजकूर माझ्या हस्ताक्षरात, सह्यांच्या दिवशी, सह्या झाल्यावर वरच्या मोकळ्या जागेत लिहिलेला.

सकाळी धाकट्याच्या कंपनीत फोन करून तक्रार नोंदवली. आमच्या इमारतीची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकलीय, आत एक म्हातारा माणूस आहे, अनुभवी माणूस पाठवा. पत्ता दिला. थोड्या वेळानं फोन वाजला. मग आवाज आला, "दादा, तुझ्या इमारतीला लिफ्ट नाही."

बावीस वर्षांनी भाऊ माझ्याशी बोलला. मी म्हणालो, "मग जिन्यानं ये. साक्षीदार हवाय."

"कशाला?"

"मृत्युपत्राला."

"बरा आहेस ना तू?" आवाज पार बदलला होता.

"ठणठणीत आहे. ये म्हणतोय ना!"

आला. हत्यारांची पेटी घेऊन आला, वेडा. वकीलबाईंनी भिंगरीला आधीच आतल्या खोलीत चहाच्या निमित्तानं पाठवलं होतं, ज्याला मिळायचं त्यानं सहीच्या वेळी समोर असू नये म्हणून. पण दार पातळ आहे आणि पोरगी बहिरी नाही. धाकट्याच्या डोक्यावर आता एक केस उरलेला नाही. मी म्हणालो, "आता कोर्टानं मागितले तर कुठून देशील?" तो हसायला गेला आणि त्याचे डोळे भरून आले. माझेही आले. डॉक्टर खिडकीतून रस्ता बघायला लागले.

साक्षीदारानं मजकूर वाचायची गरज नसते, असं वकीलबाई म्हणाल्या. मी म्हणालो, यानं वाचायचाच. त्यानं उभ्या उभ्या सगळा वाचला. आईच्या भागाला खो खो हसला. पाचव्या कलमाशी आला आणि पेटीवर बसला. बराच वेळ कागद त्याच पानावर होता. मी सही केली. डॉक्टरांनी केली. वकीलबाईंनी त्याच्या हातात पेन दिलं आणि सांगितलं, "इथे धंदा, इथे मृत्युपत्र करणाऱ्याशी नातं, आणि सही."

तो म्हणाला, "बाई, नाती दोन लिहिली तर चालतात?"

"कायद्याला एक पुरतं."

"मला पुरत नाही," धाकटा म्हणाला आणि लिहायला लागला. आतल्या खोलीत कपांचा आवाज थांबला होता.

स्थळ: माझी कामाची खोली
दिनांक: अकरा फेब्रुवारी, मंगळवार

मृत्युपत्र करणार: कवळ्या करणारा, थोरला भाऊ. (सही)

साक्षीदार एक: दातांचा डॉक्टर. मृत्युपत्र करणाऱ्यानं माझ्यासमोर सही केली. शुद्धीवर आहे, रडतोय, पण शुद्धीवर आहे. (सही)

साक्षीदार दोन: लिफ्ट दुरुस्त करणारा. मृत्युपत्र करणाऱ्याचा धाकटा भाऊ. आणि आत चहा करतेय त्या मुलीचा बाप. हे मला कोणत्याही कोर्टानं लिहायला सांगितलेलं नाही. (सही)